पन्नास वॉट पुरतात का?

नमस्कार, श्रोतेहो. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर स्वतःच्या सेटवरून दुसऱ्या हौशींशी बोलण्याचा, परवाना काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, दोन प्रकारांपैकी रिस्ट्रिक्टेड घ्यावा की वरचा, जनरल?

वयाची 12 वर्षं पूर्ण झाली की दोन्ही परीक्षा खुल्या. रेडिओचं तंत्र आणि नियम हे दोन भाग दोन्हीकडे आहेत. पुष्कळजण तंत्र घोकतात, नियम शेवटच्या रात्रीवर ठेवतात आणि तिथेच अडकतात. क्यू-कोड (क्यू अक्षरानं सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), बँडच्या म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांच्या हद्दी, लॉगबुकात काय लिहायचं, हे आधी पक्कं करा.

जनरलला मोर्स, म्हणजे ठिपके आणि रेघांची सांकेतिक लिपी, जास्तीची, मिनिटाला 8 शब्द. शब्द 5 अक्षरांचा धरतात, म्हणजे मिनिटाला 40 अक्षरं. इथे एक सवय घात करते: डिट-डा, म्हणजे आखूड आणि लांब आवाज, मोजण्याची. कागदावरचे ठिपके पाठ करू नका, अक्षराचा नाद ओळखा. अक्षर 15 शब्दांच्या वेगानं ऐका आणि दोन अक्षरांमधली जागा लांब ठेवा. मोजायला वेळच उरला नाही की कान तयार होतो. रोज 15 मिनिटं बसा. रविवारी एकदम तीन तास बसून ते साधत नाही.

आता ताकद. एचएफवर, म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या लघुलहरींवर, रिस्ट्रिक्टेडला 50 वॉट, जनरलला 400. आकडा आठपट दिसतो, पण तो फरक 9 डेसिबलचा. समोरच्याच्या एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर, दीड एस-युनिट, बस्स! म्हणून 50 वॉटवाल्यानं मन लहान करू नये. मात्र बाजारातले बहुतेक एचएफ सेट 100 वॉटचे असतात, तेव्हा पॉवर खाली आणूनच बोला.

खरी कमाई अँटेनाची. 7.1 मेगाहर्ट्झसाठी 143 भागिले 7.1, म्हणजे साधारण 20.1 मीटर तारेचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी दिलेली तारेची अँटेना, दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा. तार थोडी लांबच कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा आकडा) पाहत दोन्ही टोकांनी सारखी छाटा. आखूड कापली की जोड देत बसावं लागतं. आठ-दहा मीटर उंचीवर टांगला, तर दिवसा सोलापूरहून मुंबई, हैदराबाद या टप्प्याला तो छान चालतो.

आपल्याकडे दोन अडचणी खास. यंत्रमागाच्या शेजारी राहत असाल, तर मोटारींच्या ड्राइव्हचा गोंगाट एस-मीटर वर नेतो. तार कारखान्यापासून जमेल तेवढी दूर न्या, कोॲक्सवर, म्हणजे अँटेनाच्या केबलवर, गोंगाट अडवणारी फेराइटची कडी चढवा. दुसरी अडचण काळ्या मातीची. पावसाळ्यात अर्थिंग उत्तम मिळतं, पण उन्हाळ्यात जमीन भेगाळली की सळईभोवती पोकळी होते आणि संपर्क सुटतो. सळई खोल ठोका, भोवती बेंटोनाइट, म्हणजे ओल धरणारी माती, भरा आणि एप्रिल-मेमध्ये अधूनमधून पाणी घाला.

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरायचा. परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे तुमच्या स्टेशनचं सरकारी नाव, हातात येईपर्यंत ऐकायचं, प्रसारण करायचं नाही. रिस्ट्रिक्टेडचा कॉलसाइन व्हीयू3 नं सुरू होतो, जनरलचा व्हीयू2 नं.