उताराने येणारे पाणी

तानसा धरणाची दगडी भिंत सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब असून ती १८९२ साली बांधून पूर्ण झाली. शहापूर तालुक्यातील या धरणाभोवतीच्या जंगलात उभे राहिल्यावर इथल्या पाण्याचा मालक शंभर किलोमीटर दूरचे मुंबई शहर आहे, हे सहज ध्यानात येत नाही.

मुंबईची लोकसंख्या १८६४ च्या शिरगणतीत आठ लाखांवर होती. त्याआधी चारच वर्षे विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले होते. ते पुरेना म्हणून १८७९ साली तुळशी आणि तेही पुरेना म्हणून साष्टी बेटाबाहेर, थेट तानसा. पुढे १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली अप्पर वैतरणा, नंतर भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा ही धरणे आली. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची झाली होती. मधल्या काळात हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली हे खरे, पण तहान हद्दीपेक्षा कितीतरी लांब गेली.

अप्पर वैतरणेचे पाणी इगतपुरी तालुक्यातून निघते, वाटेत वीज निर्माण करते, वैतरणेच्या पात्रातून मोडकसागरात उतरते आणि तिथून बोगद्यांतून व माणूस उभा राहील एवढ्या जलवाहिन्यांतून, बहुतांशी केवळ उताराच्या बळावर, भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. भातशाचे पाणी मात्र नदीत सोडून पिसे येथे उपसावे लागते आणि पांजरापूरला शुद्ध करावे लागते. भांडुपच्या टाक्यांत गाळ खाली बसतो, पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते, त्यात क्लोरिन मिसळले जाते. त्यानंतर ते टेकड्यांवरील जलाशयांत चढवले जाते आणि ठरलेल्या वेळी चावीवाला रस्त्यातली चावी फिरवतो, तेव्हा कुठे गल्लीतल्या नळाला धार लागते. या सगळ्या व्यवस्थेतून शहराला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते.

ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, तिथल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी पोहोचवावे लागते.

गारगाई ही वैतरणेची उपनदी. मुंबईसाठीचे पुढचे धरण तिच्यावर योजले आहे. त्याचे पाणी बोगद्याने मोडकसागरात आणायचे आहे. तानसा अभयारण्यातील वनजमीन आणि काही गावे त्यात बुडणार आहेत.