बांबू उडीची पूर्वतयारी: पडवी, दोर आणि दांडी

श्रोतेहो, नमस्कार. बांबू उडी, म्हणजेच पोल व्हॉल्ट, हा खर्चिक खेळ आहे, फायबरग्लासचा पोल आणि जाड गाद्या यांच्यावाचून तो शिकता येत नाही, या समजुतीमुळे आपल्या किनारपट्टीवरची बरीच चपळ मुले-मुली त्याच्या वाटेला जात नाहीत. प्रत्यक्ष उडीपुरती ही समजूत खरीच आहे. मात्र त्या उडीला लागणारी पोटाची, कमरेची आणि पाठीची ताकद कमावण्यासाठी यांतले काहीही लागत नाही, आणि आज मी तेवढ्याविषयीच बोलणार आहे.

खेळाडू धावत येऊन पोलचे टोक खाचेत रोवतो, तेव्हा पोल वाकतो आणि धावेचा बराचसा जोर त्यात साठतो. पुढच्या सेकंद-दीड सेकंदात त्याला हातांवर लोंबकळत झोका घ्यायचा असतो, कंबर खांद्यांच्या वर न्यायची असते आणि पोल सरळ होण्याच्या आत डोके खाली, पाय वर अशी स्थिती साधायची असते. नेमक्या त्या वेळी कंबर ढिली पडली, तर पोल उसळतो आणि शरीर मागेच राहते. २००९ मध्ये ५.०६ मीटरचा विश्वविक्रम करणारी येलेना इसिनबायेवा लहानपणी जिम्नॅस्ट होती, यात नवल नाही. आपल्याकडे तेच काम मल्लखांब करतो, विशेषतः दोरीचा. गावात मल्लखांब शिकवणारे कोणी असेल, तर माझे पुढचे बोलणे बाजूला ठेवून आधी त्यांना गाठावे.

नसेल, तर पडवीत उताणे झोपून सुरुवात करावी. हात डोक्यामागे लांब करावेत, कंबरेखालची पोकळी जमिनीला टेकेपर्यंत पोट आत ओढावे आणि मग खांदे व पाय वीतभर उचलून धरावेत. भावंडाने कंबरेखाली तळहात सरकवून पाहावा. तो आत गेला, तर पाय फार खाली आले आहेत असे समजून थोडे वर घ्यावेत. वीस सेकंद नीट धरता आले, तरी सुरुवातीला ते पुष्कळ झाले. शेकडो सिटअप्स काढण्याची हौस मला फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण या खेळात पोटाला काम करावे लागते ते शरीर लोंबकळत असताना.

म्हणून खरी मेहनत लटकण्याची. आंब्याच्या भक्कम फांदीला दोन जाड सुती दोर बांधून त्यांत मुठीत मावेल अशी सुरूची दांडी अडकवावी. काथ्याच्या दोराने तळवे सोलवटतात. जांभळाची आणि शेवग्याची फांदी दिसायला कितीही चांगली असली, तरी कडकन मोडते, हे कोकणात वेगळे सांगायला नको. दांडीला लटकून झोका न घेता आधी गुडघे छातीशी आणावेत. ते सहज जमू लागल्यावर सरळ पाय दांडीपर्यंत नेऊन तीन आकडे मोजत खाली सोडावेत. खाली सोडताना घाई केली, की निम्मा व्यायाम वाया जातो. जोडीला एका कोपरावर कुशीने शरीर सरळ धरणे आणि पालथे झोपून छाती-पाय उचलणे, एवढे पुरे.

एक सूचना मात्र कडकपणे द्यावीशी वाटते. पूर्वी खेळाडू खऱ्या बांबूनेच उडी मारत. कॉर्नेलियस वॉर्मरडॅम या अमेरिकन खेळाडूने १९४२ मध्ये बांबूच्या पोलवर ४.७७ मीटर उंची ओलांडली होती. पण तेवढ्यावरून कोणी बेड्यातला बांबू घेऊन पुळणीवर उड्या मारू नयेत. ओहोटीनंतरची ओली वाळू धावायला उत्तम, पण पाठीवर पडण्यासाठी ती फार कठीण असते, आणि वाळलेला बांबू मोडला, की त्याची धारदार चीर निघते. पोल हातात घ्यायचा तो प्रशिक्षकासमोर आणि गाद्या असलेल्या मैदानावरच.

हा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड करावा आणि कंबरेत कळ आली तर थांबावे. पावसाळ्यात फांद्या निसरड्या होतात, तेव्हा दांडी घरात मजबूत तुळईला बांधावी. मात्र तुळईला वाळवी लागलेली नाही, हे आधी ठोकून पाहावे.