शहाबादी फरशीवरचा तबला आणि परवडणारा माइक

घरी वाद्य रेकॉर्ड करायला कोणता माइक घ्यावा, या प्रश्नाचं उत्तर आज नावानिशी देणार आहे. पण त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. वाद्य कोणतं, आणि ते कोणत्या खोलीत वाजणार? लातूर, नांदेड, परभणीकडच्या घरांत खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब किंवा पत्रा, भिंती गुळगुळीत आणि डोक्यावर पंखा असतो. अशा खोलीत आठ हजारांचा माइक आणि ऐंशी हजारांचा माइक यांच्यातला फरक खोलीच गिळून टाकते. म्हणून पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हा खरा विषय आहे.

माइकच्या कागदावर एक आकडा असतो, त्याच्याकडे फार कमी लोक बघतात. तो म्हणजे माइकचा स्वतःचा खरखराट, सेल्फ नॉइज. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० या माइकचा तो २० डेसिबल आहे, त्याच कंपनीच्या एटी२०३५ चा १२ आणि रोड एनटी१-ए चा ५. आकडा जितका लहान तितका माइक शांत. साहजिकच वाटतं की पाचवाला घ्यावा. आता हिशेब करू. रात्री अकरा वाजता, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, अशा घरगुती खोलीत साधारण ३० डेसिबल आवाज असतोच. त्या ३० मध्ये माइकचे २० मिळवले तर बेरीज ५० होत नाही. डेसिबलची बेरीज तशी चालत नाही. ती होते ३०.४. आणि १२ वाला माइक लावला तर ३०.१. या दोनांतला फरक तबला, पखवाज किंवा हार्मोनियमच्या रेकॉर्डिंगमध्ये कानाला कळणार नाही. पंखा चालू ठेवला तर खोली सहज ४५ च्या घरात जाते, मग हा हिशेब करण्यातही अर्थ उरत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. खोलीचा आवाज बहुतेक खालच्या पट्टीतली घरघर असतो, तर माइकचा खरखराट वरच्या पट्टीतला 'स्स्स' असतो. त्यामुळे तंबोरा किंवा एकतारी यांसारख्या मंद वाद्यात, जिथे जवारीचं (तारेच्या झंकाराचं) सगळं सौंदर्य वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या बारीक स्वरांत, असतं, तिथे २० आणि १२ मधला फरक ऐकू येतो. तंबोऱ्यासाठी एटी२०३५ किंवा एनटी१-ए घेणं वाजवी आहे. बाकी वाद्यांना एटी२०२० च्या दर्जाचा कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा संवेदनशील माइक, पुरतो. हा माइक दिसायला मोठ्या पडद्याचा वाटतो, पण त्याचा पडदा १६ मिलिमीटरचाच आहे. त्यात आवाज बाजूने, बोधचिन्ह असलेल्या अंगाने शिरतो. कित्येक जण टोक वाद्याकडे करून बसतात आणि मग माइक बोदा आहे म्हणतात. माइक उभा ठेवा, पुढची बाजू वाद्याकडे करा.

आता एक गैरसमज. दुकानात सांगतात, 'घरात गोंगाट आहे ना, मग डायनॅमिक (वीज न लागणारा, कमी संवेदनशील माइक) घ्या, तो बाहेरचा आवाज घेत नाही.' हे खरं नाही. शुअर एसएम५७ हा १९६५ पासून चालत आलेला डायनॅमिक माइक उत्तम आहे, टिकाऊ आहे. पण तो आणि एटी२०२० दोघेही कार्डिऑइड आहेत, म्हणजे समोरचं जास्त, बाजूचं कमी आणि मागचं अगदी थोडं ऐकणारे. वाद्यापासून दोघांना सारख्याच अंतरावर ठेवलं तर पंखा दोघांनाही जवळपास सारखाच ऐकू येतो. फरक त्यांच्या ताकदीत आहे. सारख्याच आवाजाला एसएम५७ साधारण १.६ मिलिव्होल्ट देतो आणि एटी२०२० साधारण १४. हा सुमारे १९ डेसिबलचा फरक झाला. एसएम५७ लावल्यावर पंखा गेल्यासारखा वाटतो, कारण वाद्यही तितकंच खाली गेलेलं असतं. गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करण्याचं प्रमाण, वाढवला की दोघेही परत येतात. डायनॅमिक माइकला लोक तोंडाजवळ, पुडीजवळ धरतात म्हणून तो खोली कमी घेतो. श्रेय अंतराला आहे. अंतर निम्मं केलं की वाद्याचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोली होती तिथेच राहते.

मंद वाद्याला एसएम५७ लावला तर ५५ ते ६० डेसिबल गेन लागतो. स्वस्त इंटरफेसचं (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीचं) बटण तिथे शेवटच्या टोकाला पोचतं आणि त्याची स्वतःची खरखर वर येते. म्हणून बासरी, तंबोरा, एकतारी यांना कंडेन्सर, आणि संबळ, हलगी, ढोलकी जवळून घ्यायची असेल तर डायनॅमिक, एवढी विभागणी ध्यानात ठेवा. एसएम५७ घेताना बनावट माल जपून टाळा. असली माइकचं वजन २८४ ग्रॅम असतं आणि आत ट्रान्सफॉर्मर असतो. बनावट बहुधा हातात घेताच हलका लागतो. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघायला लाजू नका.

तबल्याकडे येऊ, कारण सर्वात जास्त रेकॉर्डिंग बिघडतं ते तबल्याचंच. बहुतेक जण म्हणतात, दायाला (उजव्या तबल्याला) एक आणि डग्ग्याला एक असे दोन माइक हवेत. दोन माइकचा एक नियम आहे. प्रत्येक माइक आपल्या वाद्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये असावं. नाहीतर एकाच आवाजाच्या थोड्या पुढेमागे आलेल्या दोन प्रती मिसळतात आणि काही स्वरांश एकमेकांना खाऊन टाकतात. तबल्यात दोन्ही पुड्यांच्या मध्यांतलं अंतर साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. नियम पाळायचा तर माइक पुडीपासून १० सेंटिमीटरवर आणावा लागेल. तिथे कार्डिऑइड माइक खालचा आवाज फुगवतो, डग्गा ढबढब होतो, आणि 'ना'च्या आघातात चाटीचा फक्त कडकपणा उरतो. म्हणजे दोन माइकचा खर्च करून आवाज बिघडवायचा. घरी तबल्याला एकच माइक लावा. वादकाच्या समोर, पुड्यांपासून आडव्या ५० सेंटिमीटरवर, जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच, तोंड खाली दोन्ही पुड्यांच्या मध्ये. डग्गा कमी वाटला तर गेनला हात लावू नका, माइक चार बोटं डग्ग्याकडे सरकवा. माइकचं तोंड खाली आल्यामुळे त्याची पाठ छताकडे जाते, आणि मागचं ऐकण्यात तो सगळ्यात कमजोर असतो. वरचा पंखा किंवा पत्र्यावरून परतणारा आवाज यामुळे आपोआप कमी होतो.

पण खाली फरशी आहे. पुडी जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंच धरा. थेट आवाज माइकपर्यंत ५६ सेंटिमीटर चालतो. फरशीवरून उसळून येणारा ९० सेंटिमीटर चालतो. ३४ सेंटिमीटर जास्त, म्हणजे एक मिलिसेकंद उशीर. या उशिरामुळे ५०० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो, मग पुन्हा १५०० ला, २५०० ला. तबला पोकळ, डब्यातला वाटतो तो यामुळे, आणि त्याचं खापर फुटतं माइकवर. वाद्य आणि माइक यांच्यामध्ये जमिनीवर जाड कापसाची गादी टाका. नुसती सतरंजी वरचा आवाज थोडा शोषते, ५०० हर्ट्झपर्यंत तिचा हात पोचत नाही. चार घड्यांची गोधडी थोडं काम करते, पिंजलेल्या कापसाची चार इंची गादी चांगलं करते. ती आपल्याकडे घरोघरी आहे. फोमच्या रंगीत चौकटी विकत घेण्याआधी घरातल्या गाद्या वापरा, एक खाली आणि एक वादकाच्या पाठीमागच्या भिंतीला टेकून. ज्यांच्याकडे जुनं माळवदाचं घर उरलंय, मातीच्या जाड भिंती, देवळ्या आणि वर लाकडी सरे, त्यांनी स्लॅबची खोली सोडून तिथे जावं. उंच-सखल छतावर आवाज विखुरतो आणि रस्त्याचा आवाज बराचसा बाहेर राहतो.

पखवाजाला दोन माइक चालतात, कारण दोन तोंडं दोन टोकांना असतात. दोन्ही २० सेंटिमीटरवर ठेवले तर माइकांमध्ये ६० च्या वर अंतर सहज मिळतं आणि तिपटीचा नियम बसतो. धुम्याची (खालच्या स्वराच्या तोंडाची) कणीक ताजी आणि सारखी लावलेली असू द्या. रेकॉर्डिंग चालू असताना कणीक सुकली की खालचा स्वर चढतो, आणि नंतर दोन तुकडे जोडताना सूर लागत नाही. एकच माइक असेल तर खोडासमोर मध्यावर, एक मीटरवर.

हार्मोनियमला भात्याकडून माइक लावू नका. तिथे हवेची फुसफुस आणि बिजागरीची करकर आधी पोचते. वादकाच्या उजव्या हाताकडून, पट्ट्यांच्या वर ४० ते ५० सेंटिमीटर, तोंड जाळीच्या मध्याकडे. पेटीखाली घडी केलेली वाकळ ठेवली की पट्टीचा ठोका फरशीत उतरत नाही. भाता गळत असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. कोणताही माइक तो लपवणार नाही.

बासरीला माइक कधीच फुंकेच्या रेषेत नको. कपाळाच्या उंचीवर, अर्ध्या मीटरवर, तोंड खाली, फुंकेचं छिद्र आणि बोटांची छिद्रं यांच्या मध्ये. स्वर दोन्हीकडून निघतो, फक्त फुंकेजवळ ठेवलात तर वाराच जास्त येतो. तंबोऱ्याला घोडीपासून ३० ते ४० सेंटिमीटर, तोंड तबलीकडे. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला मात्र माइक लावूच नका, त्याची वायर थेट इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये घाला.

टाळ माइकच्या जवळ नको. त्याचा आघात इतका तीक्ष्ण असतो की सगळं भजन त्याच्या मागे जातं. पैठण, आपेगाव, नर्सी, गंगाखेड या पट्ट्यातल्या भजनी मंडळांना मी सुटे माइक घ्या असं सांगणारच नाही. झूम एच१एसेन्शियलसारखा एक लहान स्टिरिओ रेकॉर्डर घ्या. तो ३२-बिट फ्लोटमध्ये नोंद करतो, त्यामुळे लेव्हल चुकली म्हणून रेकॉर्डिंग सहसा फुटत नाही, आणि दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. रेकॉर्डर गायकाच्या डोक्याच्या उंचीवर, दीड-दोन मीटरवर. गायक आणि वीणा पुढे, पखवाज आणि पेटी त्यांच्या बाजूला, टाळकरी अर्धवर्तुळात सगळ्यात मागे. आवाजाचा समतोल माणसांना पुढेमागे करून साधा. तुळजापूर-माहूरकडच्या गोंधळी मंडळींच्या संबळालाही हेच लागू, फक्त संबळ टाळापेक्षाही मागे.

आता माइक सोडून उरलेल्या वस्तू. एकूण पैशांतले निम्मे माइकवर, तिसरा हिस्सा इंटरफेसवर, आणि उरलेले बूम स्टँड, वायर यांवर. बेरिंजर यूएमसी२०२एचडीसारखा दोन माइक इनपुटचा इंटरफेस पुढची काही वर्षं पुरतो. स्टँडमध्ये काटकसर करू नका, बसून वाजवणाऱ्यासमोर आडवा लांबवता येणारा, बुडाशी जड स्टँड लागतो. हलका स्टँड माइकच्या वजनाने हळूहळू झुकतो आणि तिसऱ्या आवर्तनापासून आवाज बदलतो.

कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसमधून वायरीतूनच माइकला मिळणारी वीज, लागतो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त संचांत एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) टोकाची वायर दुसऱ्या बाजूला साध्या हेडफोनच्या पिनची असते. ती लॅपटॉपमध्ये घातली की माइकला ४८ च्या जागी जेमतेम दोन-पाच व्होल्ट मिळतात, आवाज बारीक येतो, खरखर मोठी. माइक जोडा, मग ४८ व्होल्टचं बटण दाबा. काढताना आधी बटण बंद, अर्धा मिनिट थांबा, मग वायर काढा.

घूंऽऽ असा सतत आवाज येत असेल तर तो बहुधा विजेचा ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला, तर दोष अर्थिंगचा आहे. तिसऱ्या पिनला खरंच अर्थ पोचतो का, हे वायरमनकडून तपासून घ्या. पंख्याचा रेग्युलेटर, डिमर आणि इन्व्हर्टर माइकच्या वायरपासून लांब ठेवा. ज्यांच्या घरी दुपारी भारनियमन असतं त्यांनी ती वेळ रेकॉर्डिंगला राखून ठेवावी, इन्व्हर्टर बंद करून. पंखा नाही, फ्रिज नाही, शेजारची पिठाची गिरणी नाही, आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर इंटरफेस चालतो.

लेव्हल लावताना वादकाला सगळ्यात जोरकस तिहाई किंवा रेला वाजवायला सांगा. २४-बिटवर कमाल लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागला तर बहुधा माइक फुटलेला नसतो, एटी२०२० तर १४४ डेसिबलपर्यंत सोसतो. फुटतो तो इंटरफेसचा प्रीअँप (माइकचा आवाज मोठा करणारा भाग), म्हणजे गेन खाली घ्या. मग तीस सेकंद कोणी काही न वाजवता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. त्या तीस सेकंदांत जे ऐकू येईल, ते प्रत्येक शांत जागी ऐकू येणार आहे.

आपल्याकडची धूळ माइकची मोठी शत्रू आहे, विशेषतः कापूस वेचणीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत. काम झालं की माइक स्टँडवर ठेवू नका. सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात पुडी बदला. ओलसर दिवसात कंडेन्सर चटचट करू लागला तर तो बहुधा खराब झालेला नसतो, पडद्याला ओल धरलेली असते. डब्यात ताज्या पुडीसोबत दोन दिवस ठेवून पुन्हा लावून बघा. जाळीत फुंकर मारू नका, तोंडाची वाफ थेट पडद्यावर जाते. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कोणताही माइक ठेवू नका.