मोडलेल्या दिवसानंतरची सकाळ

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

आजचा विषय आरोग्याच्या चांगल्या सवयी असा असला, तरी कोणत्या सवयी लावाव्यात याची यादी मी आपल्यापुढे वाचणार नाही. वेळेवर झोपावे, रोज चालावे, भुकेपेक्षा अधिक खाऊ नये, तंबाखू आणि दारू यांपासून दूर राहावे, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही ते होत नाही, हीच खरी अडचण आहे. मी स्वतः पहाटे चालायला जाण्याचा निश्चय इतक्या वेळा केला आहे की, मला चालण्याची नव्हे, निश्चय करण्याची सवय जडली आहे, असे घरचे म्हणतात. म्हणून आज आपण एवढेच पाहू या की चांगली सवय टिकते कशी, आणि तिच्या टिकण्याशी ख्रिस्ती विश्वासाचा नेमका संबंध काय.

प्रेषित पौलाने रोम येथील मंडळीला जे पत्र लिहिले, त्याच्या सातव्या अध्यायात एक विलक्षण कबुली आहे. जे चांगले करावे असे मला वाटते ते माझ्या हातून होत नाही, आणि ज्याचा मला तिटकारा आहे तेच मी करत राहतो, असे तो सांगतो. त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात हाच अनुभव अधिक बारकाईने मांडला. वाकड्या इच्छेतून वासना निर्माण होते, वासनेचे लाड केले की तिची सवय होते आणि सवयीला वेळीच विरोध केला नाही की ती गरज होऊन बसते. अशा एकात एक गुंतलेल्या कड्यांच्या साखळीने आपल्याला जखडून ठेवले होते, आणि ती साखळी दुसऱ्या कोणी आणून घातलेली नव्हती, असे ते म्हणतात. मानसशास्त्र नावाचे शास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी शतके आधीचे हे निरीक्षण आहे. इ. स. 386 मध्ये मिलान शहरातील एका बागेत त्यांचे मन पालटले, तेव्हा ही साखळी आपल्या बळावर तुटली असे त्यांना क्षणभरही वाटले नाही.

ख्रिस्ती विचार इच्छाशक्तीवर फारसा विसंबून राहत नाही, ही गोष्ट येथे नीट समजून घेतली पाहिजे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल प्रीती, आनंद, शांती यांपासून सुरुवात करून नऊ गुण सांगतो आणि त्यांत शेवटी संयम येतो. या साऱ्यांना तो आत्म्याचे फळ म्हणतो. फळ ओढून मोठे करता येत नाही. ते झाडाच्या जिवंतपणातून येते. मात्र याचा अर्थ हातावर हात ठेवून बसावे असा कोणी घेऊ नये, कारण करिंथकरांस लिहिताना हाच पौल धावपटूचे उदाहरण देतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत, त्यामुळे पानांच्या एका मुकुटासाठी, जो काही दिवसांत सुकून जाणार, खेळाडू किती कडक पथ्य आणि सराव पाळतात, हे त्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. कृपा आणि सराव यांत पौलाला कोठेही विरोध दिसत नाही.

पण मुळात शरीराची एवढी काळजी करावीच कशाला? काही भक्तिमान घरांत आत्म्याचे तेवढे महत्त्वाचे आणि शरीर म्हणजे नुसते ओझे, अशी समजूत आढळते. ती मला शास्त्राला धरून वाटत नाही. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे पौल स्पष्ट लिहितो, आणि ख्रिस्ती मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, आपण शरीराच्याच पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो असे म्हणतो. या संदर्भात मला एलीया संदेष्ट्याची कथा फार मोलाची वाटते. जिवाच्या भीतीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आता पुरे झाले, मला मरण दे, अशी प्रार्थना करून झोपी गेला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, विश्वास कमी पडल्याबद्दल दोषही दिला नाही. त्याने त्याला स्पर्श करून उठवले आणि खा म्हटले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलीया जेवला, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला पुन्हा उठवले, पुन्हा जेवू घातले, कारण पुढचा प्रवास त्याला झेपणारा नव्हता. होरेब पर्वतावर देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती या दोन झोपांनंतर आणि दोन जेवणांनंतर. जागरणे करून, जेवणाच्या वेळा चुकवून देवाची सेवा करणाऱ्यांनी (आणि अशांची संख्या कमी नाही) हा अध्याय अधूनमधून वाचावा.

आता सवयीच्या रोजच्या स्वरूपाकडे वळू या. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्नाची, म्हणजे रानात देवाने पुरवलेल्या अन्नाची, हकिकत आहे. इस्राएल लोकांनी दररोज सकाळी आपल्याला पुरेल एवढाच मान्ना गोळा करायचा होता, माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरावीक माप. ज्यांनी उद्याची तजवीज म्हणून तो राखून ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता. सवयीविषयी याहून नेमके चित्र मला तरी माहीत नाही. एकाच दिवशी आठवड्याभराचा व्यायाम उरकता येत नाही, पुढच्या महिन्याची झोप आज साठवता येत नाही, आणि वर्षाच्या पहिल्या दिवशीचा उत्साह वर्षअखेरीपर्यंत पुरत नाही. तो राखून ठेवला की नासतो. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागितली आहे ती आजची. म्हणूनच ज्याला जन्मभर दारू न पिण्याची शपथ झेपत नाही, त्याला आजचा दिवस न पिता काढणे झेपू शकते. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीने याच एका दिवसाच्या मापावर आपली घडी बसवली, आणि तिचे आरंभीचे सदस्य एका ख्रिस्ती सहभागितेतूनच पुढे आले होते. मान्नाच्या कथेतला सातवा दिवसही विसरू नका. विश्रांती हा सवयीतला खंड नाही, तो तिचाच भाग आहे.

वाईट सवय नुसती घालवून भागत नाही, हेही येशूने एका दृष्टांतात सांगितले आहे. माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा फिरून परत येतो, तेव्हा घर झाडलेले, सजवलेले, पण रिकामे असते. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात आत्मे घेऊन तेथे राहू लागतो. सिगारेट सोडल्यावर तिच्या वेळी हाताने काय करायचे, रात्री मोबाइल दूर ठेवल्यावर तो अर्धा तास कशाने भरायचा, हे ठरवले नाही तर घर रिकामेच राहते.

ते भरावे कसे, याचे उत्तर दानीएलाच्या पुस्तकात सापडते. राजाखेरीज कोणाचीही प्रार्थना करू नये, असा मनाई हुकूम निघाल्यावरही दानीएल माडीवर गेला आणि यरुशलेमच्या दिशेला उघडणाऱ्या खिडकीपाशी, दिवसातून तीनदा, गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. शास्त्रवचन येथे आवर्जून सांगते की तो पूर्वीपासून असेच करत होता. जागा, वेळ आणि देहाची ठेवण ठरलेली होती. म्हणून सिंहांच्या गुहेची धमकी पुढे असताना त्याला नव्याने निर्णय घ्यावा लागला नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 96 जणांना रोज ठरलेल्या प्रसंगी एक नवी कृती करायला सांगितली होती. ती कृती सहजपणे घडू लागायला कोणाला 18 दिवस लागले, तर कोणाच्या बाबतीत हिशोब 254 दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा 66 होता. एकवीस दिवसांत सवय लागते, हे ऐकून निराश झालेल्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. ज्यांच्या घरी सकाळची प्रार्थना आधीपासून होते त्यांना तर खुंटी तयारच आहे. आमेन म्हटल्याबरोबर पायांत बूट घालायचे, एवढे ठरवले तरी चालणे त्या खुंटीला अडकवता येते.

सोबतीचा मुद्दा मी थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांना पटलेलाच असतो. कॅलिफोर्नियातील सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळींचा अभ्यास 1958 पासून होत आला आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या पंथातील पुरुषांचे अपेक्षित आयुष्य राज्यातील इतर गौरवर्णीय पुरुषांपेक्षा 7.3 वर्षांनी आणि स्त्रियांचे 4.4 वर्षांनी अधिक आढळले. देवावर विश्वास ठेवला की आयुष्य वाढते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. धूम्रपान न करणे, साधा आहार, व्यायाम आणि आठवड्याचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, या गोष्टी तेथे एकट्यादुकट्याने नव्हे, तर साऱ्या समाजाने मिळून जपलेल्या आहेत, एवढेच त्यातून घ्यावे.

याच ठिकाणी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. आजार हा विश्वासाच्या उणिवेचा पुरावा नव्हे. जन्मांध माणसाकडे पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने तो प्रश्नच नाकारला होता. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांची औषधे चालू आहेत अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नयेत, आणि व्यसन सोडवताना प्रार्थनेबरोबर वैद्यकीय उपचार घेण्यात काहीही कमीपणा मानू नये.

आता ज्यासाठी हे सारे बोललो त्याकडे येतो. सवय मोडते. नियम दहा दिवस पाळला जातो आणि अकराव्या दिवशी पाहुणे येतात, ताप येतो, किंवा नुसता कंटाळा येतो. त्यानंतरच्या सकाळी माणूस स्वतःशी काय बोलतो, यावर पुढचे बहुतेक अवलंबून असते. आता सगळे वाया गेले, असे तो म्हणाला की बाराव्या दिवसाचाही बळी जातो. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या क्रमाला म्हणण्यासारखा धक्का बसत नाही असे दिसले. पण अपराधी मनाला आकड्यांचे समाधान पुरत नाही. नीतिमान सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो, असे नीतिसूत्रे सांगतात, म्हणजे पडणे हे नीतिमानाच्याही हिशोबात धरलेले आहे. उद्ध्वस्त यरुशलेमसाठी रडणाऱ्या विलापगीताच्या मध्यावर, देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, ही ओळ येते.

पेत्राची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. निखाऱ्यांच्या शेकोटीशी ऊब घेत उभा असताना त्याने आपल्या प्रभूला तीन वेळा नाकारले. पुढे पुनरुत्थानानंतर एकदा तो आणि त्याचे सोबती रात्रभर जाळी टाकून थकले होते, हाती काहीच लागले नव्हते, आणि पहाटे किनाऱ्यावर येशू उभा होता. पेत्र पोहत काठाला आला तेव्हा तेथे पुन्हा निखारे पेटलेले होते, पण या वेळी त्यांवर मासे होते आणि जवळ भाकर होती. येशू म्हणाला, या, न्याहारी करा. तू माझ्यावर प्रीती करतोस काय, हा प्रश्न त्याने पेत्राला तीनदा विचारला खरा, परंतु तो सर्वांची न्याहारी आटोपल्यावर. आणि पेत्राच्या प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर मेंढरे राखण्याचे काम सोपवले.

नमस्कार.