सुटकेचा कागद

(दृश्य: तांबूस, कोरडी जमीन. गावाबाहेर बाजरीच्या मातीच्या कणग्या.)

निवेदन:

नायजर देशाचा दक्षिण भाग. पिकं आपल्या ओळखीचीच, बाजरी आणि ज्वारी. 1996 मध्ये इथे बारा वर्षांची एक मुलगी विकली गेली. किंमत 2 लाख 40 हजार सीएफए फ्रँक. तिचं नाव हादिजातू मानी.

हाउसा भाषेत अशा मुलीला 'वहाया' म्हणतात. धर्माची मुभा चार बायकांची, त्यामुळे ही पाचवी. नावाला बायको, हक्क मात्र एकही नाही. शेतात राबायचं, घरात राबायचं आणि रात्री मालक म्हणेल ते मुकाट सोसायचं. नऊ वर्षं हेच चाललं. मालकापासून मुलं झाली.

2003 मध्ये नायजरने गुलामगिरी हा गुन्हा ठरवला. त्यानंतर, 18 ऑगस्ट 2005 ला, मालकाने तिला एक कागद करून दिला.

(दृश्य: लाकडी टेबलावर एक कागद, शेजारी शिक्क्याची शाई.)

हादिजातूला गुलामगिरीतून मुक्त केलं, असं त्यात लिहिलेलं. मालकाची सही, तिची सही आणि गावच्या मुखियाचा सही-शिक्का. ती निघाली, तर मालक म्हणाला, तू जायचं नाहीस, तू माझी बायको आहेस. नऊ वर्षं जी बायको नव्हती, ती सुटका होताच बायको झाली!

आजारी आईला भेटून येते, असं सांगून ती बाहेर पडली आणि परतली नाही. तिने कोर्टात दाद मागितली. कोन्नी या शहरातल्या कोर्टाने मार्च 2006 मध्ये निकाल दिला: ना मेहर दिला, ना निकाह लागला, तेव्हा हे लग्नच नव्हे. मालक वरच्या कोर्टात गेला. तिथे निकाल फिरला. रूढीप्रमाणे दासी मुक्त झाली की आपोआप मालकाची बायको ठरते, म्हणे.

मधल्या काळात तिने आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न केलं होतं. मालकाने फिर्याद ठोकली, नवरा असताना दुसरा केला. मे 2007 मध्ये तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. लग्न लावून दिलं म्हणून भावालाही. गुलाम ठेवणारा बाहेर होता, गुलाम आत.

(दृश्य: नियामे शहर, नायजर नदीवरचा पूल.)

मग खटला देशाबाहेर गेला. इकोवास ही पश्चिम आफ्रिकी देशांची आर्थिक संघटना. तिचं न्यायालय नायजेरियात, अबुजाला. 2005 पासून सामान्य माणसालाही तिथे आपल्या सरकारविरुद्ध दाद मागता येऊ लागली. साक्षी घ्यायला न्यायाधीश स्वतः नायजरच्या राजधानीत, नियामेला आले. 27 ऑक्टोबर 2008 ला निकाल लागला: गुलामगिरीपासून तिला वाचवण्यात नायजर सरकार कमी पडलं, भरपाई 1 कोटी सीएफए फ्रँक. आधार होता 1981 च्या आफ्रिकी मानवी हक्क सनदेचा. तिच्या पाचव्या कलमात गुलामगिरीला बंदी आहे.

या निकालाचं कौतुक खूप झालं. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. बाई म्हणून आपल्याशी भेदभाव झाला, हीसुद्धा तिची तक्रार होती. त्याचा दोष न्यायालयाने मालकावर टाकला, सरकारला त्यातून मोकळं केलं. ती जिंकली ती गुलाम म्हणून.

बाईसाठी वेगळा करार तोवर झाला होता. 2003 मध्ये मोझांबिकची राजधानी मापुटो इथे झाला, म्हणून मापुटो करार. लग्नाला दोघांची खुशीची संमती हवी, मुलीचं वय किमान 18 हवं, विधवेला वारसाहक्क हवा, हे सगळं त्यात आहे. नायजरने 2004 मध्ये त्यावर सही केली. 2006 मध्ये, हादिजातू कोन्नीच्या कोर्टात हेलपाटे घालत होती त्याच वर्षी, संसदेने तो फेटाळला.

(दृश्य: रिकामी कोर्टखोली.)

29 जानेवारी 2025 ला नायजर इकोवासमधून बाहेर पडला, मालीही आणि बुर्किना फासोही. अबुजाचं दार तिथल्या बायकांना बंद झालं. टांझानियात अरुषाला आफ्रिकी न्यायालय आहे, पण तिथे जाण्याआधी देशातल्या कोर्टांच्या सगळ्या पायऱ्या चढून झालेल्या असाव्या लागतात.

अबुजाला ही अट नव्हती. सप्टेंबर 2007 मध्ये हादिजातूने तिथे अर्ज केला, तेव्हा देशातला तिचा खटला अजून लोंबकळतच होता.