रॉड मागताना नंबर सांगा

मंडळी, दुकानात ‘वेल्डिंगचा रॉड द्या’ एवढंच म्हटलं, की हाताला लागेल तो पुडा मिळतो. बहुतेक वेळा तो 6013 असतो, आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशिनला तोच सोयीचा. आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधली पेटती ठिणगी, लगेच धरतो; स्लॅग, म्हणजे वेल्डवरची कडक खपली, सहज सुटते. नंबरातले पहिले दोन आकडे ताकदीचे: 60 म्हणजे चौरस इंचाला 60,000 पाउंडांची ओढ सोसणारा. नंतरचा 1 सांगतो, की उभं, आडवं, डोक्यावरचं, कसंही काम करा. शेवटचा आकडा रॉडावरच्या लेपाच्या जातीचा.

आता जाडी. आपल्याकडे 12 नंबर म्हणजे 2.5 मिमी, 10 नंबर म्हणजे 3.15 आणि 8 नंबर म्हणजे 4. गेटाच्या 1.6 मिमी चौकोनी पाइपावर 10 नंबर लावला की भोक ठरलेलं. तिथं 12 नंबर, 55 ते 65 अँपिअर, रॉड धरायचा होल्डर मशिनच्या निगेटिव्हला. सलग ओढू नका; अर्धा-अर्धा इंच टाके मारा, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. पाच मिमीच्या अँगलला 10 नंबर, 100 ते 120 अँपिअर.

इथं वायरिंगचा मुद्दा येतो. बारा नंबर 80 अँपिअरवर चालवला, तर घरातला 16 अँपिअरचा प्लग कसाबसा पुरतो. दहा नंबरला 110 लावले, की मशिन लाइनवरून 20 च्या आसपास ओढतं आणि प्लग वितळायला लागतो. शेतातल्या लाइनीवर व्होल्टेज 180 वर आलं की ओढ आणखी वाढते. वर बारीक वायरीचं लांबलचक एक्स्टेन्शन असेल, तर आर्क तुटत राहतो आणि आपण रॉडाला शिव्या घालतो.

ट्रॉलीचा हुक, नांगराची फ्रेम, जिथं हिसके बसतात तिथं 7018 नंबरचा रॉड घ्या, होल्डर पॉझिटिव्हला. जुन्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मर मशिनवर तो बहुधा नीट धरत नाही. त्याला सुरुवातीचं व्होल्टेज जास्त लागतं. आर्क अगदी आखूड ठेवायचा, रॉड जवळपास टेकूनच. आणि हा रॉड ओल सोसत नाही. लेपात पाणी शिरलं, की आर्कमध्ये त्याचा हायड्रोजन होतो, गरम लोखंडात मुरतो आणि थंड झाल्यावर जोडाच्या कडेनं तडा काढतो. कधी दुसऱ्या दिवशी, ट्रॉली उसानं भरल्यावर. वरून वेल्डिंग देखणंच दिसतं, हीच गोम आहे.

उघडा पुडा पावसाळाभर शेडात पडला असेल, तर 7018 ला 300 ते 350 अंशांवर तासभर भाजावं लागतं. उन्हात वाळवून भागत नाही. भट्टी नसेल तर जोखमीच्या कामाला नवा, सीलबंद पुडा फोडा. 6013 ला 100 ते 120 अंश पुरतात. त्याला फार भाजलं तर उलट बिघडतो. रॉड जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, चिकटवून लाल करून ‘सुकवायची’ सवय मात्र सोडा. लेप तडकतो, कपच्या पडतात आणि वेल्डमध्ये ज्वारीच्या कणीएवढी भोकं दिसतात. लेपावर पांढरी बुरशी आणि आत तारेला गंज दिसला, तर तो रॉड फेकाच.

रोटाव्हेटरचं पातं 6013 नं जोडू नका. ते कडक केलेलं पोलाद असतं, वेल्डच्या शेजारी काचेसारखं तुटतं आणि तुकडा उडतो. पातं बदला. स्टेनलेसला 308एल नंबरचा रॉड, स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं तर 309एल.

राहिली बिडाची बॉडी, पंपाची वगैरे. तिला निकेलचा रॉड लागतो, महाग असतो, म्हणून नगावर घ्या. तड्याच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडा, नाहीतर तडा पुढं पळतो. मग तडा ग्राइंडरनं व्हीसारखा उघडा. इंचभर टाका मारायचा, लगेच हातोडीनं हलकं ठोकायचं आणि हाताला सोसेल एवढं गार होईपर्यंत थांबायचं. पाणी ओतून गार केलं, तर शेजारीच नवा तडा जातो.