मागून घेतलेलं गोंदण, लादलेलं गोंदण

(मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या सगळ्यांना शुभेच्छा.

"तुमच्या कामाविषयी बोला," एवढंच समितीने मला सांगितलं होतं. मी इथे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशन देते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. या कामात गोंदणंही येतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. उपचारांची आखणी करण्यासाठी रुग्णाचा सीटी स्कॅन होतो, त्या दिवशी कातडीवर शाईचा थेंब ठेवायचा आणि त्यातून सुईचं टोक अलगद टोचायचं. तिळाएवढा निळसर काळा ठिपका उमटतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी बहुधा तीन ठिपके पुरतात, एक छातीच्या मध्यावर आणि एकेक दोन्ही कुशींना. पुढचे काही आठवडे रुग्ण टेबलावर झोपला की भिंतींवरून आणि छतावरून येणाऱ्या लेझरच्या रेघा या ठिपक्यांशी जुळवून घ्यायच्या. काल किरण जिथे पडले तिथेच आज पडायला हवेत, आणि हिशेब मिलिमीटरचा असतो, त्यामुळे आंघोळीत पुसली जाणारी खूण भरवशाची नाही. अलीकडे काही केंद्रांत कॅमेऱ्यांच्या मदतीने ठिपक्यांशिवायही काम होतं, पण ठिपके अजून पुष्कळ ठिकाणी आहेत.

उपचार संपतात, ठिपके राहतात. राहिलेल्या ठिपक्याचं माणूस पुढे काय करतं, यावर मला आज बोलायचं आहे.

एक तरुण बाई त्या ठिपक्यापाशी येऊन माझ्यासमोर रडल्या होत्या. ऑपरेशनचा व्रण त्यांनी सोसला होता, केस गेले तेही सोसलं होतं. "हा आता रोज आरशात दिसणार ना?" एवढंच त्या विचारत राहिल्या. मी त्यांचा हात धरून बसले, दुसरं काही सुचलं नाही. पुढे बऱ्याच काळाने, कातडी पूर्ण बरी झाल्यावर आणि डॉक्टरांचा होकार घेऊन, त्यांनी एका टॅटू आर्टिस्टकडून त्या मधल्या ठिपक्यातून फुटणारी वेल गोंदवून घेतली. मला दाखवायला मुद्दाम आल्या. ठिपका तोच होता, पण आता तो त्यांनी निवडलेला होता.

दुसऱ्या आपल्यातल्याच एक आजी. त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगते आहे. मुलाकडे इथे कायमच्या राहायला आलेल्या, उपचारांना आल्या तेव्हा सत्तरी ओलांडलेली. मी नेहमीप्रमाणे समजावून सांगायला लागले: आजी, हा ठिपका कायमचा राहील, जाणार नाही, चालेल ना? त्यांनी गाऊनची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. तुळस, विंचू, मध्ये ठिपक्यांच्या ओळी. म्हणाल्या, "अगं पोरी, मी एवढीशी असताना चौघींनी दाबून धरलं होतं मला. तू निदान विचारतेस तरी."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण इथे परदेशात बसून गोंदणाबद्दल बोलतो तेव्हा फार हळवे होतो. आजीची हिरवी नक्षी, आपली संस्कृती, वगैरे. मीही होते. पण ती नक्षी कशी आली ते विचारलं तर बहुतेक आज्या एकच सांगतात: दुखलं, रडले, सोडलं नाही. गावात गोंदणारीण यायची, बरोबर सुया, मणी, गळ्यात घालायच्या पोती. काजळी खलून काडीने नक्षी आखायची, मग तीनचार सुया एकत्र बांधून टोचत जायची. रक्त पुसून वर हळद लावायची. मोबदला धान्याचा, नाहीतर जुन्या लुगड्याचा. पोरगी पाचसात वर्षांची असायची आणि तिला धरणाऱ्या घरच्याच असायच्या: आई, मावशी, चुलती. गोंदलं नाही तर सासरी हिणवतील, ही आईची धास्ती. मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं, बरोबर येतं ते गोंदण, ही आजीची समजूत. या दोन्हींच्या मध्ये त्या पोरीला कुणी काही विचारत नव्हतं.

आणि तरीही त्याच बायकांनी पुढे त्या गोंदणाला आपलंसं केलं. त्यातल्या कित्येक जणी मोठ्या झाल्यावर स्वतःहून जत्रेत बसून आणखी गोंदवून घेत. सोनं गहाण पडतं, चोर नेतो, नवरा विकतो. गोंदण कुणालाच काढून घेता येत नाही, आणि ज्या बाईच्या नावावर काहीच नव्हतं तिला ही गोष्ट लहान नव्हती.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली, माणदेशातली. अक्षरओळख नव्हती. तिच्या हातावर आजोबांचं नाव गोंदलेलं होतं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही त्या काळची रीत तुम्हाला माहीत आहे. रेशनकार्डासाठी नाहीतर कुठल्या कागदासाठी कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती हात पुढे करायची. समोरच्याने वाचून घ्यायचं. तिला स्वतःला ते वाचता येत नव्हतं, पण कोणतं अक्षर कुठे संपतं ते बोटाने बरोबर दाखवायची.

आजोबा गेले तेव्हा तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. भुवयांच्या मध्ये कुंकवाच्या जागी लहानपणीच गोंदलेला ठिपका होता. तो राहिला. कुठल्याशा बाईने पदर पुढे ओढून घे असं सुचवलं म्हणे. आजी म्हणाली, "हे माझ्या आईनं दिलंय. ह्याला कुणाच्या मरणाशी काय?" आईने मला ही गोष्ट फार उशिरा सांगितली. ज्या गोंदणासाठी आजीला धरून ठेवलं होतं, त्याच गोंदणाच्या आधाराने ती एका दुष्ट रूढीसमोर उभी राहिली. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तिला धरून ठेवलं होतं याचं दुःखही वाटतं. दोन्ही खरं आहे.

लादलेल्या गोंदणाचं याहून फार काळं रूप आपल्या देशाने पाहिलं आहे. कंपनी सरकारच्या बंगाल प्रांतात १७९७ च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवायला सुरुवात झाली. बायका हौसेने, श्रद्धेने अंगावर वागवत होत्या तीच रीत सरकारने शिक्षा म्हणून उचलली. कैदी फेटा खाली ओढून, केस कपाळावर आणून ते लपवत. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली. पुढच्या शतकात नाझींच्या आउशविट्झ छळछावणीत माणसांच्या हातावर नंबर गोंदवले गेले. त्यातून वाचलेल्या काही आजीआजोबांच्या नातवंडांनी तोच नंबर आपल्या हातावर मुद्दाम गोंदवून घेतला आहे. काहींना ते पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं मी समजू शकते. पण अपमान म्हणून गोंदवलेला आकडा नातू आठवण म्हणून अंगावर घेतो, तेव्हा त्या आकड्यावरचा हक्क बदललेला असतो.

आता आपण जिथे राहतो त्या भूमीबद्दल. इथल्या मूळच्या माओरी लोकांचा मोको, म्हणजे त्यांचं पारंपरिक गोंदण, तुम्ही रोज पाहता, बसमध्ये, शाळेत, टीव्हीवर. माझी विनंती आहे की त्याला नुसता टॅटू समजू नका. पूर्वी तो सुईने टोचत नसत. उही नावाच्या छोट्या छिन्नीने, जी अल्बाट्रॉस पक्ष्याच्या हाडाची असे, कातडी कोरून काढत, त्यामुळे चेहऱ्यावर खोबणी पडत. त्या रेषांमध्ये माणसाचं फाकापापा असतं, म्हणजे त्याची वंशावळ, त्याचं कुळ, समाजातलं त्याचं स्थान. म्हणूनच ब्रिटिशांशी झालेल्या १८४० च्या वाइतांगी करारावर काही माओरी प्रमुखांनी सही म्हणून आपल्या मोकोची रेखाटनं काढली. आणि तो चेहऱ्यावर असतो, कारण माओरींसाठी डोकं हा शरीराचा सगळ्यात पवित्र भाग. आमच्या हॉस्पिटलात डोक्याखालच्या उशा आणि पायाखालच्या उशा वेगळ्या ठेवतात त्या याच कारणाने. माओरी रुग्णाच्या डोक्याला हात लावण्यापूर्वी आम्ही विचारतो.

बायकांचा मोको ओठांवर आणि हनुवटीवर असतो, त्याला मोको कौवाए म्हणतात. विसावं शतक अर्धं सरलं तेव्हा तो वागवणाऱ्या फक्त म्हाताऱ्या बायका उरल्या होत्या. १९७२ मध्ये मायकेल किंग या इतिहासकाराने त्या बायकांच्या हकिकती लिहिल्या आणि मार्टी फ्रीडलँडर यांनी त्यांचे फोटो काढले. या मार्टी लंडनच्या ज्यू अनाथाश्रमात वाढलेल्या, लग्न होऊन १९५८ मध्ये इथे आलेल्या, आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या. परक्या देशातल्या आज्यांच्या चेहऱ्यांसमोर त्या आदराने बसल्या, म्हणून ते चेहरे आज त्यांच्या पणत्यांना पाहायला मिळतात.

त्या पणत्यांनी पुढे काय केलं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. माओरी राजकारणी ननाया महुता यांनी २०१६ मध्ये मोको कौवाए घेतला आणि २०२० मध्ये त्याच चेहऱ्याने त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. ओरिनी काइपारा मोको कौवाए असलेल्या चेहऱ्याने राष्ट्रीय वाहिनीवर बातम्या देऊ लागल्या. एअर न्यूझीलंडने २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांच्या दिसणाऱ्या टॅटूंवरची बंदी उठवली. मोको आहे म्हणून नोकरी नाकारल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्यानंतरचा हा बदल.

इथे मुलांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमच्यातल्या काहींना दंडावर माओरी नक्षी हवी असते, ती दिसते सुंदर. पण इंटरनेटवरून उचललेली नक्षी कुणाच्या तरी घराण्याची असू शकते. माओरी कलाकाराकडे जा आणि त्याला किरितुही मागा. माओरी नसलेल्यांसाठी काढायच्या नक्षीला ते किरितुही म्हणतात, त्यात कुणाची वंशावळ नसते. तो कलाकार तुमच्याशी बोलेल, तुमच्या आजीआजोबांबद्दल विचारेल आणि तुमच्यासाठी नक्षी काढेल.

आपल्या बाजूला मात्र नेमकं उलटं झालं. आमच्या आयांच्या पिढीला गोंदण गावंढळ वाटू लागलं. शहरात शिकायला आलेल्या मुली फोटो काढताना हात मागे घेत. काहींनी लेझरने काढून टाकलं. मग नातवंडांच्या पिढीत ते टॅटू म्हणून परत आलं. मनगटावर आईचं नाव, दंडावर राजमुद्रा, हातावर 'जय भीम'. 'जय भीम' गोंदवून घेणाऱ्या मुलाकडे बघताना मला त्याच्या पणजोबांची आठवण ठेवावीशी वाटते. ज्यांची जात गावाने त्यांना न विचारता त्यांच्यावर ठेवली होती, त्यांचा पणतू आपली ओळख स्वतः निवडतो आहे आणि ती उघड्या हातावर वागवतो आहे.

आईवडिलांशी थोडं बोलते. मुलाने टॅटू केला की आपल्या घरांत पहिलं वाक्य असतं, "नोकरी मिळणार नाही." दुसरं, "लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" मग मूल फुल बाह्यांचे शर्ट घालायला लागतं आणि विषय संपतो. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाच्या मनगटावर एक छोटा अर्धविराम होता, टिंबाखाली स्वल्पविराम. वडिलांना ती कसली तरी फॅशन वाटली. २०१३ मध्ये अमेरिकेत एमी ब्लूएल या तरुणीने ही खूण लोकांपुढे आणली. तिच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. जिथे वाक्य संपवता आलं असतं तिथे लेखकाने संपवलं नाही, पुढे लिहिलं, असा त्या खुणेचा अर्थ. जगभर हजारो माणसांनी ती गोंदवून घेतली आहे: काहींनी स्वतःसाठी, काहींनी गमावलेल्या माणसासाठी. तो मुलगा एका फार वाईट वर्षातून बाहेर आला होता आणि घरात कुणाला माहीत नव्हतं. मनगटावर तो रोज सांगत होता. कुणीतरी विचारावं म्हणूनच ती खूण दिसेल अशा जागी होती, असं तो मला म्हणाला. मी सांगितल्यावर वडील त्याच्याशी बोलले का? बोलले. मुलाची परवानगी घेऊनच मी त्यांना सांगितलं होतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर विचारा. रागाने नाही, खरोखर कळावं म्हणून. हे काय आहे, कधी केलंस, कुठे बसून केलंस, दुखलं का? आणि "सांगायचं नाही" असं उत्तर आलं तर तेही ऐकून घ्या.

आणि एक काम आपण मंडळ म्हणून करू या, असं समितीशी बोलले आहे. आपल्या मावश्या, आज्या, गावाकडच्या शेजारणी, ज्यांच्या अंगावर गोंदण आहे त्यांची शेवटची पिढी आत्ता आहे. यंदा सुट्टीत जाल तेव्हा त्यांची परवानगी घेऊन हाताचा फोटो काढा, उजेडात, जवळून. त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करा: कितव्या वर्षी गोंदलं, कुणी गोंदलं, कुणी धरलं होतं, या नक्षीला त्यांच्या गावात काय म्हणतात, ती कुणी निवडली. त्या रडल्या असतील तर तेही येऊ द्या, गोडगोड करून लिहू नका. फोटोबरोबर गाव, तालुका आणि साल नक्की लिहा. नाव द्यायचं की नाही ते त्या ठरवतील. माझ्याकडे प्रश्नांचा एक कागद तयार आहे, जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे, घेऊन जा. ज्यांच्या आई किंवा सासूबाई आत्ता इथे हॉलमध्ये बसल्या आहेत, त्यांना सुट्टीपर्यंत थांबायची गरज नाही. मी फोन आणि चांगला दिवा दोन्ही आणले आहेत, जेवणानंतर मागच्या खोलीत बसते.